मंदीतली जाहिरात आणि दुहेरी कामाचा डॉलर

चळवळीचा इतिहास लिहिणारे जुनी वृत्तपत्रे चाळतात तेव्हा अग्रलेख वाचतात, सभांचे वृत्तांत वाचतात, ठराव उतरून घेतात. जाहिरातींच्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्यात वाचण्यासारखे काय असणार, अशी समजूत. पण बाजाराने ज्या समाजाला उंबऱ्याबाहेर उभे केले, त्या समाजातला माणूस दुकान टाकतो आणि पदरचे पैसे मोजून आपल्याच पत्रात चार ओळी छापतो, तेव्हा त्या चार ओळींत सबंध समाजाचा जमाखर्च सापडतो. अमेरिकेतील शिकागो शहराची १९३० नंतरची काळ्या लोकांची वृत्तपत्रे या नजरेने वाचली पाहिजेत. पहिल्या पानावर दक्षिणेत कुणाला झाडाला टांगून मारल्याची बातमी. आतल्या पानावर केशभूषेचे दुकान, कोळशाची वखार, कपडे इस्त्री करून देणारा, विमा कंपनी आणि प्रेताची व्यवस्था पाहणारा. मारणारे कोण हे पहिले पान सांगते. जगायचे कसे, हे आतले पान सांगते.

आधी हे शहर समजून घेऊ. १९१० साली शिकागोत कृष्णवर्णीयांची संख्या ४४ हजारांच्या आसपास होती. १९२० साली ती १ लाख ९ हजारांवर गेली आणि १९३० च्या जनगणनेत २ लाख ३३ हजारांवर पोहोचली. दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांतून, जमीनदाराच्या कर्जातून आणि फासाच्या दोरीतून सुटून आलेली ही माणसे. त्यांना बोलावून आणण्यात ‘शिकागो डिफेंडर’ या पत्राचा वाटा मोठा होता. रॉबर्ट ॲबट यांनी १९०५ साली हे पत्र काढले तेव्हा त्यांच्या खिशात २५ सेंट होते असे सांगतात. रेल्वेच्या पुलमन डब्यांत काम करणारे काळे हमाल या पत्राचे गठ्ठे गुपचूप दक्षिणेत पोहोचवत.

शहरात आल्यावर मात्र कळले की इथेही वेशीबाहेरचा वाडा आहेच. गोरे घरमालक आपसात करार करून ठेवत की अमुक गल्लीतले घर काळ्याला विकायचे नाही, भाड्यानेही द्यायचे नाही. १९१९ च्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांतली २३ काळी होती. त्यामुळे दक्षिण भागातील एका अरुंद पट्ट्यात हा सगळा समाज दाटीवाटीने राहू लागला. एकेका घराच्या चार-सहा खोपट्या करून भाड्याने दिल्या जात. या वस्तीला पुढे ‘ब्रॉन्झव्हिल’ हे नाव पडले. राहण्याची सक्ती झाली, पण त्या सक्तीतून एक बाजारपेठही तयार झाली. दोन लाखांवर माणसे एका जागी कोंडली की त्यांना पीठ लागते, कोळसा लागतो, न्हावी लागतो, डॉक्टर लागतो. हा पैसा कुणाच्या गल्ल्यात जायचा, हा खरा प्रश्न होता.

जेसी बिंगा या माणसाने त्याला एक उत्तर दिले होते. फळांची फेरी करण्यापासून सुरुवात करून तो घरजागांच्या धंद्यात शिरला. गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांना घरे मिळवून देतो म्हणून त्याच्या घरावर वारंवार बॉम्ब टाकले गेले. तो हलला नाही. १९०८ साली त्याने खासगी बँक काढली, १९२१ साली तिला राज्याची सनद मिळाली. जी बँक धुणीभांडी करणाऱ्या बाईला काउंटरवर मान देऊन बोलते, ती आपली बँक, अशी भावना होती. बँकेचे नाव पत्रांत, चर्चच्या कार्यक्रमपत्रिकांत, सगळीकडे दिसे. १९२९ साली त्याने पस्तीसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘बिंगा आर्केड’ ही टोलेजंग इमारत उभी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला.

३१ जुलै १९३० रोजी बिंगा बँकेला टाळे लागले. कत्तलखान्यात रक्तात उभे राहून साठवलेला पैसा, लोकांची पोरे सांभाळून साठवलेला पैसा आत अडकला. बँकेची रक्कम घरांच्या गहाणखतांत गुंतली होती, आणि भाडे भरायलाच लोकांकडे काम उरले नव्हते. मोठ्या गोऱ्या बँकांनी हात दिला नाही. १९३२ साली अँथनी ओव्हर्टन यांची डग्लस नॅशनल बँकही गेली. बिंगावर अफरातफरीचा खटला झाला, १९३३ साली शिक्षा झाली, १९३८ साली तो सुटला आणि त्यानंतर एका चर्चमध्ये झाडलोट करून जगला. त्याने कायदा मोडला असेल. पण त्या वर्षांत शिकागोतल्या गोऱ्यांच्याही बँका भराभर बुडाल्या आणि त्यांतले फार थोडे बँकवाले हातात झाडू घेऊन दिसले, हेही लिहून ठेवायला हवे.

मंदीत सगळ्यांत आधी कामावरून कोण निघाले हे सांगायला नको. ‘शेवटी घेतला, आधी काढला’ हा तिथल्या काळ्या कामगाराचा अनुभव. भाडे थकले की सामान रस्त्यावर. ३ ऑगस्ट १९३१ रोजी अशाच एका घरातून बाहेर काढलेले सामान पुन्हा आत ठेवायला जमाव जमला, तेव्हा पोलिसांनी गोळीबार करून तीन काळ्या माणसांना ठार केले. त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक चालले आणि शहराला काही काळ घरे रिकामी करणे थांबवावे लागले.

अशा दिवसांत दुकाने बंद पडायला हवी होती. पडलीही. पण गंमत अशी की छोट्या दुकानांची संख्या वाढली. कारण साधे आहे. कारखान्याने काढून टाकलेला माणूस करणार काय? घरातल्या पुढच्या खोलीत दोन फळ्या ठोकून किराणा मांडतो. बायको स्वयंपाकघरात शेजारणींचे केस करून देते. सेंट क्लेअर ड्रेक आणि होरेस केटन या दोन कृष्णवर्णीय अभ्यासकांनी ‘ब्लॅक मेट्रोपोलिस’ या १९४५ च्या ग्रंथात याचा हिशेब दिला आहे. १९३८ साली शिकागोत काळ्यांचे सुमारे २६०० धंदे होते. त्यांत केशभूषेची दुकाने २८७, किराणा २५७, न्हाव्याची दुकाने २०७, शिंपी-धुलाई-इस्त्री १६३, खाणावळी १४५, कोळसा-लाकडाच्या वखारी ८७, आणि अंत्यविधीची व्यवस्था करणारे ५०.

ही यादी नीट वाचा. वरच्या ओळींत केस आहेत आणि खालच्या ओळीत प्रेत. गोरा न्हावी ज्याच्या डोक्याला हात लावत नाही आणि गोरा अंत्यविधीवाला ज्याच्या मृतदेहाला शिवत नाही, त्या समाजात न्हावी आणि अंत्यविधीवाला हेच भक्कम धंदेवाले होतात. विटाळाने एक दार बंद केले आणि बंद दारामागे नाइलाजाने एक दुकान उघडले गेले. आमच्या खेड्यांत न्हाव्याने महार-मांगांच्या डोक्याला वस्तरा लावायचे नाकारले, तेव्हा आमच्याच माणसांनी हातात कात्री घेतली. ही गोष्ट वाचकांना वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

केसांच्या धंद्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण तो बायकांचा धंदा होता. मॅडम सी. जे. वॉकर आणि ॲनी मलोन या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनी मंदीच्या आधीच केसांच्या तेला-मलमांचे मोठे कारखाने उभे केले होते. मलोनबाईंनी १९३० साली, म्हणजे ऐन पडझडीत, आपले ‘पोरो’चे ठाणे सेंट लुईसहून शिकागोला हलवले. त्यांच्या जाहिरातीत फक्त डबी विकली जात नसे. कला शिका, प्रमाणपत्र घ्या, गोऱ्या मालकिणीच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडा आणि स्वतःचा धंदा करा, असा त्यांचा सांगावा असे. मोलकरणीच्या कामाशिवाय दुसरे दार माहीत नसलेल्या मुलीने ते वाचले तर तिला काय वाटले असेल? मंदीत त्यांतल्या अनेकींना दुकानाचे भाडे परवडेना, तेव्हा त्या दुसऱ्याच्या दुकानात एक खुर्ची भाड्याने घेत किंवा घरच्याच चुलीवर लोखंडी कंगवा तापवत. गिऱ्हाईक कमी झाले, पण संपले नाही. नोकरी मागायला जायचे तर केस नीट हवेत ना!

जाहिरात फक्त छापली जात होती असे नाही. नोव्हेंबर १९२९ मध्ये जॅक कूपर यांनी शिकागोच्या एका छोट्या नभोवाणी केंद्रावर ‘ऑल-निग्रो अवर’ हा कार्यक्रम सुरू केला. पुढे ते केंद्राकडून वेळ विकत घेत आणि तो तुकड्यातुकड्याने जाहिरातदारांना विकत. डिफेंडरने १९२९ सालीच मुलांसाठी ‘बड बिलिकेन’ मिरवणूक सुरू केली, तिच्यात दुकानदारांच्या सजवलेल्या गाड्या निघत. आणि चर्च तर होतेच. रविवारी प्रवचन झाले की पाद्री व्यासपीठावरूनच सांगे की आपल्या अमक्याने दुकान टाकले आहे, तिथून माल घ्या.

या सगळ्या प्रचारातून एक शब्द रूढ झाला, ‘दुहेरी कामाचा डॉलर’. डॉलरने तुम्हाला वस्तू तर मिळालीच पाहिजे, शिवाय त्याच डॉलरने आपल्या समाजातल्या एखाद्या पोराला नोकरीही मिळाली पाहिजे. डेट्रॉइट शहरात जून १९३० मध्ये फॅनी पेक यांनी पन्नास गृहिणींना जमवून ‘हाउसवाइव्ज लीग’ स्थापन केली. काळ्यांच्या दुकानातून घ्या, काळ्यांनी बनवलेला माल मागा आणि जिथे आपली मुले कामाला ठेवतात तिथेच जा, असे त्यांचे सांगणे. १९३४ पर्यंत एका डेट्रॉइटमध्येच १० हजार बायका सभासद झाल्या. पिशवी घेऊन बाजाराला निघालेली बाई म्हणजे चळवळीची सैनिक, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडच्या पुरुष कार्यकर्त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आता दुसरी बाजू. ड्रेक आणि केटन यांनीच दाखवले आहे की काळ्यांच्या वस्तीतील दुकानांपैकी जवळजवळ निम्मी काळ्यांची होती, पण वस्तीतले लोक तिथे जो पैसा खर्च करत त्याचा एक दशांशही या दुकानांना मिळत नव्हता. दुकाने निम्मी, गल्ला दहाव्या हिश्शाहून कमी! म्हणजे जाहिरात वाचली जात होती, प्रवचन ऐकले जात होते आणि खरेदी समोरच्या गोऱ्याकडे होत होती.

याला आपण फितुरी म्हणून मोकळे होऊ नये. मोठा दुकानदार घाऊक माल घेई, त्याला तो स्वस्त पडे. पुढच्या खोलीतल्या किराणावाल्याला एक पोते घ्यायची ऐपत, म्हणून त्याचा भाव दोन सेंट चढा. पाच पोरांच्या आईला ते दोन सेंट कुठून आणायचे? दुसरे कारण उधारी. गोरा दुकानदार वही ठेवून उधार देई आणि त्या वहीने गिऱ्हाईक बांधून ठेवी. काळ्या दुकानदाराला बँकच कर्ज देत नव्हती, तो उधार देणार कशाच्या जोरावर? तिसरे म्हणजे जागा. सत्तेचाळीसाव्या रस्त्यावरचा मोक्याचा गाळा काळ्याला मिळणे मुश्कील, त्याने मागच्या गल्लीत बसायचे. आणि काही तक्रारी खऱ्याही होत्या. जातभाई आहे म्हणून कसाही माल चालवून घ्यावा, अशी अपेक्षा धरणारे दुकानदार तिथेही होते.

यावर एक उपाय करून पाहिला गेला. १९२८ साली दक्षिणेतील माँटगोमेरी शहरात काळ्या किराणावाल्यांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी आणि एकत्र जाहिरात सुरू केली. नॅशनल निग्रो बिझनेस लीगने ‘कलर्ड मर्चंट्स असोसिएशन’ या नावाने ही योजना इतर शहरांत नेली, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये नमुनेदार दुकान काढले. कल्पना अत्यंत योग्य होती. पण वेळ मंदीची. दुकानदारांना वर्गणी परवडेना, संघटनेच्या स्वतःच्या शिक्क्याचा डबा गिऱ्हाईक घेईना, त्याला मोठ्या कंपनीचा ओळखीचा डबाच हवा. १९३६ पर्यंत योजना बुडाली.

मग दुसरे हत्यार आले. ‘शिकागो व्हिप’ या पत्राने जिथे तुम्हाला काम मिळत नाही तिथे पैसा खर्च करू नका, अशी मोहीम उघडली. वूलवर्थच्या दुकानांसमोर १९३० साली फलक घेऊन माणसे उभी राहिली. या दुकानांची वस्तीतली बहुतेक विक्री काळ्या गिऱ्हाइकांवर चाले आणि काउंटरमागे एकही काळी मुलगी नसे. गिऱ्हाईक वळू लागले तेव्हा वूलवर्थने काळ्या मुली कामावर घेतल्या. हे लोण इतर शहरांत गेले. वॉशिंग्टनमध्ये १९३३ साली उभ्या राहिलेल्या ‘न्यू निग्रो अलायन्स’ला किराणा दुकानांच्या एका साखळीने कोर्टात खेचले, आणि १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शांततापूर्ण निदर्शने कायदेशीर ठरवली.

इथे थांबून आपल्याकडे एक नजर टाकावीशी वाटते. त्याच १९३० साली मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचा अहवाल आला. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अस्पृश्यांनी नागरी हक्क वापरायचा प्रयत्न केला की गाव त्यांच्यावर बहिष्कार टाकतो, कामावरून काढतो आणि गावच्या दुकानदाराला त्यांना जिन्नस विकू देत नाही, हे त्या अहवालात नोंदले आहे. शिकागोत गिऱ्हाईक दुकानावर बहिष्कार टाकत होते, महाराष्ट्राच्या खेड्यात दुकान गिऱ्हाइकावर. फरक पैशाच्या जागेचा होता. शहरात मजुरी रोख मिळे आणि रोख पैसा चौकात कुठल्याही दिशेला वळवता येई. खेड्यात एकच वाणी, तोच सावकार, तोच पाटलाच्या ओसरीवर बसलेला. बाबासाहेबांनी खेडी सोडून शहरात जा असे सांगितले त्यामागे हे अर्थशास्त्रही होते.

आता जाहिरातींतल्या काळ्या डागांबद्दल. काळ्यांच्या पत्रांना मोठ्या गोऱ्या कंपन्या जाहिरात देत नसत. डिफेंडर चालला तो मुख्यतः अंकांच्या विक्रीवर. मंदीत खप घसरला तेव्हा जी जाहिरात दारात आली ती घेणे भाग पडले. त्यामुळे झाले असे, की वरच्या रकान्यात वंशाचा अभिमान सांगणारा लेख आणि खालच्या रकान्यात कातडी गोरी करण्याचे मलम! केस सरळ करण्याची औषधे, नशीब उघडणारी चूर्णे, स्वप्नावरून आकडा सांगणारी पुस्तके. हा आकडा ‘पॉलिसी’ नावाच्या जुगाराचा. आपल्या मटक्याचाच भाऊ, चार-दोन सेंटवर खेळला जाणारा. १९३८ च्या सुमारास वस्तीत त्याचे सुमारे ५०० अड्डे होते. त्यातही एक पेच आहे. पॉलिसीतून गब्बर झालेल्या जोन्स बंधूंनी १९३७ साली सत्तेचाळीसाव्या रस्त्यावर मोठे दुकान उघडले आणि नोकर काळे ठेवले. बँका बुडाल्यावर वस्तीत भांडवल उरले होते ते जुगारवाल्यांकडे. हा दोष कुणाच्या माथी मारायचा ते वाचकांनी ठरवावे. माझ्या मते गोरेपणाच्या मलमाची जाहिरात हा जुगाराच्या जाहिरातीहून वाईट अपराध होता. जुगार खिसा कापतो, ते मलम चेहराच नाकारायला शिकवते. त्याच शहरात अँथनी ओव्हर्टन सावळ्या चेहऱ्याला शोभेल अशी ‘हाय-ब्राउन’ पावडर बनवून विकत होते, म्हणजे दुसरा मार्ग नव्हता असे म्हणता येत नाही.

अर्थशास्त्रज्ञ अब्राम हॅरिस यांनी १९३६ साली ‘द निग्रो ॲज कॅपिटॅलिस्ट’ या पुस्तकात काळ्यांच्या बँकांची चिरफाड केली. वंशाभिमानाच्या नावावर मूठभर व्यापाऱ्यांचा फायदा होतो आणि मजूर तिथेच राहतो, असा त्यांचा रोख होता. ते स्वतः काळे होते, तरी त्यांची टीका काळ्या व्यापाऱ्यांना झोंबणारी होती. मला ती अर्धी पटते. दोन-तीन खुर्च्यांच्या दुकानात बसलेली केशभूषाकार आणि बिंगा हे एकाच मापाने मोजता येत नाहीत. तिच्या चार ओळींच्या जाहिरातीमागे भांडवलशाही नव्हती, संध्याकाळची भाकरी होती.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला अगदी लागून. परत आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्ससंबंधी सल्ला देण्याची पेढी काढली होती. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकही येऊ लागले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक आटले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. शिकागोच्या दुकानदाराला कातडीचा रंग लपवता येत नव्हता, म्हणून त्याने तो जाहिरातीत ठळक छापला. आपल्याकडे जात चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर आडनावाऐवजी मुलीचे नाव असते किंवा नुसतीच आद्याक्षरे. १४ एप्रिलच्या विशेषांकात मात्र तोच मंडपवाला, तोच छापखानेवाला, तोच वायरमन पूर्ण नावानिशी, फोटोसह ‘शुभेच्छुक’ म्हणून उभा राहतो. त्या अंकाचा कागदाचा खर्च त्याने उचललेला असतो. दुसऱ्या दिवशी आपल्या घरचा मंडप आपण कुणाकडून बांधून घेतो?

शिकागोच्या या गोष्टीचा आणखी एक धागा आहे. १९३३ साली आर्कान्सातून एक बाई मुलाला घेऊन शिकागोत आली. काही काळ त्यांनी सरकारी मदतीवर काढला. जॉन जॉन्सन हा तो मुलगा १९३६ साली सुप्रीम लिबर्टी लाइफ या काळ्यांच्या विमा कंपनीत कारकून म्हणून लागला. ही कंपनी मंदीतून तगली होती, धुणी धुणाऱ्यांच्या आणि हमालांच्या चिल्लर हप्त्यांवर. १९४२ साली जॉन्सनने मासिक काढायचे ठरवले. कर्जासाठी आईने नुकतेच घेतलेले फर्निचर तारण ठेवले, ५०० डॉलर मिळाले. कंपनीच्या २० हजार विमाधारकांची यादी त्याने मागून घेतली आणि प्रत्येकाला पत्र टाकले की दोन डॉलर आगाऊ पाठवा. सुमारे ३ हजार लोकांनी पाठवले. वितरक अंक घ्यायला तयार होईना, तेव्हा त्याने कचेरीतल्या मित्रांना पेपरच्या टपऱ्यांवर पिटाळले, ‘निग्रो डायजेस्ट आहे का?’ असे विचारत फिरायला. वितरकाने अंक घेतले. १९४५ साली त्याने ‘एबनी’ काढले, आणि काही वर्षांनी झेनिथ रेडिओ कंपनीची जाहिरात त्या मासिकात छापून आली.